गाडी पाणी पिते, पण जातं कुठं?

माझ्या अकरा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीनं मागच्या उन्हाळ्यात पाणी प्यायला सुरुवात केली. बॉनेटखालची कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली तीन आठवड्यांत वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायची. पार्किंगची फरशी मात्र ठणठणीत कोरडी. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "जुनी गाडी आहे साहेब, थोडं पाणी खाणारच. टाकत राहा." मी तीन महिने टाकत राहिलो.

तो सल्ला चुकीचा होता आणि तो ऐकणारा मी त्याहून चुकीचा. इंजिन ऑइल खातं, हे खरं असू शकतं. पिस्टनच्या रिंगांवरून थोडं ऑइल वर जातं आणि पेट्रोलबरोबर जळतं. कूलंटचं तसं नाही. ते बंद चक्रात फिरतं. त्याचे गुण काही वर्षांनी ओसरतात, पण ते कमी व्हायचं काही कारण नाही. ज्या गाड्यांमध्ये बाटलीला नुसतं साधं झाकण असतं तिथं वर्षभरात बोटभर पातळी उतरली तर ते वाफेचं जाणं समजून सोडून द्यावं. महिन्याला पाव लिटर टाकावं लागत असेल, तर कुठंतरी गळतंय. 'पाणी खाते' हा आजार नव्हे, न शोधलेल्या गळतीला दिलेलं नाव आहे.

आधी कुकर समजून घ्या

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो. हा तिसरा वाटा बाहेर नेऊन टाकणं हे कूलंटचं काम. लहान गाडीत ते साधारण चार-पाच लिटर असतं. पंप त्याला फिरवतो. गॅरेजमध्ये या पंपाला 'वॉटर बॉडी' म्हणतात. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरकडची वाट बंद ठेवते, म्हणजे इंजिन लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ती उघडू लागते आणि तापलेलं कूलंट रेडिएटरच्या जाळीतून फिरून गार होऊन परत येतं. गाडी उभी असेल, वारा लागत नसेल, तर पंखा सुरू होतो.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. गळतीचं खरं नुकसान ज्यामुळे होतं ती गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. ती म्हणजे दाब.

रेडिएटरच्या झाकणावर एक आकडा छापलेला असतो, बहुधा ०.९ किंवा १.१. हा 'बार' या एककातला दाब आहे, एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा. घरातल्या कुकरची शिट्टीही साधारण एवढ्याच दाबाला वाजते, आणि कारणही तेच. मोकळं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. झाकण लावून बारभर दाब चढवला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात निम्मं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, मिसळलं की आणखी पाच-सहा अंश पदरात पडतात. म्हणजे इंजिन १०५ अंशांवर गेलं तरी आतलं द्रव शांत राहतं.

आता कुकरची रिंग ढिली झाली तर काय होतं, आठवा. पाणी भांड्यात असतंच, पण वाफ कडेनं फुसफुसत जाते, दाब चढत नाही, डाळ शिजत नाही. गाडीत सुईएवढ्या भोकानं हेच होतं. पाव लिटर कूलंट कमी झालं म्हणून इंजिन मरत नाही, पण दाब धरला नाही की घाटात उकळी फुटते. उकळी फुटते ती सिलिंडर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात), धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट वॉल्वच्या भोवती, म्हणजे सगळ्यात तप्त जागी. बुडबुडे जमले की तिथल्या धातूला द्रवाचा स्पर्शच उरत नाही. हेड ॲल्युमिनियमचं. एका जागी जास्त तापलं की ते वाकतं, आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा बाकही हेड गॅस्केटला, म्हणजे हेड आणि खालच्या इंजिनामधल्या सीलला, सोसत नाही. बारीक गळती स्वस्त असते, तिच्याकडे काणाडोळा केल्यावर येणारं हेडचं काम महाग.

कुकरवरूनच दुसरी गोष्ट. दाब उतरल्याशिवाय कुकरचं झाकण उघडायचं नाही, हे घरातल्या पोरालाही कळतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र शहाणीसुरती माणसं फडकं धरून फिरवतात. दाब एकदम सुटतो, ११० अंशांचं द्रव त्याच क्षणी उकळतं आणि कारंज्यासारखं तोंडावर येतं. वरचा जाड रबरी पाईप हातानं दाबता येण्याइतका मऊ आणि कोमट झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. घाई असली तरी नाही. अर्धा-पाऊण तास लागला तर लागला.

खाली पडलेला थेंब कशाचा?

उन्हाळ्यात गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं की निम्मे लोक घाबरतात, आणि बहुतेक वेळा ते एसीचं पाणी असतं. बाष्प थंड जाळीवर जमून नळीवाटे खाली पडतं, डॅशबोर्डच्या मागच्या बाजूला. ते निव्वळ स्वच्छ पाणी, वास नाही, रंग नाही, बोटाला चिकटपणा नाही. एसी न लावता दोन दिवस गाडी चालवा. थारोळं थांबलं तर विषय संपला.

कूलंट बोटांना किंचित बुळबुळीत लागतं, त्याला गोडसर वास असतो आणि रंग असतो. पांढऱ्या टिश्यूवर टिपला की रंग लगेच कळतो. ऑइल तपकिरी किंवा काळं आणि तेलकट असतं, काच धुण्याचं पाणी निळसर असलं तरी साबणासारखं. वास घेऊन पाहा, पण जिभेला लावू नका. जुने ड्रायव्हर चव घेऊन सांगायचे म्हणतात, तो काळ नुसत्या पाण्याचा होता. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष आहे, थोडंसंही किडन्या बंद पाडतं. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. सांडलेलं कूलंट भरपूर पाण्यानं धुवा आणि काढलेलं जुनं कूलंट उघड्या बादलीत ठेवू नका.

रंगाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. हिरवं, गुलाबी, निळं, नारिंगी, हे सगळे नुसते घातलेले रंग. रंगावरून आतलं रसायन ओळखता येत नाही, कारण त्याचा कुठला सर्वमान्य नियम नाही. फरक असतो गंजरोधकांमध्ये. दोन न जुळणारे प्रकार एकत्र आले तर गंजरोधक निकामी होतात, कधी साका जमून जेलीसारखा थर होतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. म्हणून 'माझं गुलाबी आहे, गुलाबी द्या' असं न म्हणता गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकार मागावा. वाटेत अडचण आली आणि तो मिळाला नाही, तर दुसरं कूलंट ओतण्यापेक्षा स्वच्छ पाणी ओतलेलं बरं. नंतर सगळं बदलून घेता येतं.

पोलिसी काम

आता शोध. सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन पूर्ण गार असताना बाटलीवर चिकटपट्टी लावून पातळीची रेघ मारा. शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहा. नेहमी गारच असताना पाहायचं, तापल्यावर कूलंट फुगतं आणि पातळी खोटं बोलते. आठवडाभरानं किती उतरलं ते कळेल. माझ्या गाडीत दर शंभर किलोमीटरला बोटाच्या पेराहून जरा कमी उतरत होतं. 'थोडं थोडं जातंय' यापेक्षा हे कितीतरी उपयोगी वाक्य आहे.

बाटलीही फसवते, बरं का. आपल्याकडच्या कितीतरी लहान गाड्यांमध्ये ही बाटली नुसतं साठवणीचं भांडं असते. तापल्यावर फुगलेलं कूलंट झाकणातल्या स्प्रिंगच्या झडपेतून बाटलीत येतं आणि गार होताना झाकणातलीच दुसरी बारीक झडप ते परत आत खेचून घेते. झाकणाचं रबर कडक झालं किंवा बाटलीकडची बारीक नळी चिरली, तर कूलंट बाहेर जातं पण परत येत नाही. तेव्हा बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा. म्हणून अशा गाडीत गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाहायचं. आत काठोकाठ भरलेलं हवं. नसेल तर पहिला संशयित झाकण, आणि ते काही शे रुपयांत मिळतं. दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांत बाटलीवरच दाबाचं जाड, फिरकीचं झाकण असतं आणि रेडिएटरला झाकणच नसतं. तिथं बाटलीही दाबाखाली असते आणि जुनी झाली की तिच्याच जोडावर बारीक भेग पडते. पिवळट पडलेली, ठिसूळ बाटली दिसली की संशय घ्यायचा.

पुढचं साधन फुकटचं आहे: फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. रात्री गाडीखाली अंथरा आणि पुढच्या दोन चाकांच्या जागा त्यावर पेननं आखा. सकाळी डाग कुठं पडला ते पाहून वर बरोबर काय आहे याचा अंदाज येतो. अगदी पुढं असेल तर रेडिएटर किंवा खालचा पाईप, एका बाजूला, पंप फिरवणाऱ्या पट्ट्याजवळ असेल तर पंप. इंजिनाखाली प्लॅस्टिकचं आवरण असेल तर मात्र थेंब त्यावरून घरंगळून भलतीकडे पडतो. ते आवरण काढायला गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका.

पुठ्ठा कोरडा राहिला तर? माझा कोरडाच राहिला. अशा वेळी ओल शोधायची नाही, वाळलेल्या खुणा शोधायच्या. कूलंटमधलं पाणी तापल्या इंजिनावर उडून जातं आणि मागं पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा राहतो, माठाच्या बाहेरच्या अंगावर क्षार साठतात तसा. बॅटरी हाताशी घ्या आणि पाईप जिथं धातूला किंवा प्लॅस्टिकला जोडला जातो ती प्रत्येक जागा चहूबाजूंनी पाहा. क्लिपखाली बोट फिरवा. पाईप दाबून पाहा. चांगला पाईप लवचीक असतो, म्हातारा एकतर दगडासारखा कडक किंवा टोकाला फुगून लिबलिबीत झालेला असतो, आणि दाबल्यावर बारीक चिरा उघडतात.

रेडिएटरवर नजर टाकताना मधल्या जाळीपेक्षा कडा पाहा. हल्लीच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. दोघांच्या मध्ये रबरी गॅस्केट ठेवून पत्र्याचे दात दुमडलेले असतात. आठ-दहा वर्षांच्या गार-गरम होण्यानं ही शिवण सुटू लागते. जाळीत भोक पडतं ते बहुतेक रस्त्यावरच्या खड्यानं, आणि ते लगेच दिसतं.

पंपाची गंमत वेगळी आहे. पंपाच्या अंगावर मुद्दाम ठेवलेलं एक बारीक छिद्र असतं. आतलं सील निकामी झालं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता या छिद्रातून बाहेर यावं, म्हणजे मालकाला आधीच इशारा मिळावा, असा बनवणाऱ्याचा विचार. एखादा वाळका डाग चालतो. तिथून ओघळ आलेला असेल तर पंप संपला. कुणी एम-सील लावून ते छिद्र बुजवलेलं मी पाहिलं आहे. आग लागल्याची घंटा वाजते म्हणून घंटेला कापूस बांधायचा, त्यातला प्रकार. पुढं बेअरिंग गुरगुरायला लागतं आणि एके दिवशी पट्टाच निघून जातो.

काही गळत्या फक्त गारठ्यात गळतात. धातू आणि प्लॅस्टिक वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात, पहाटे जोडात बारीक फट पडते, इंजिन तापलं की फट मिटते. गॅरेज सकाळी दहाला उघडतं, तोवर गाडी चालून तापलेली असते, आणि मेकॅनिकला काहीच दिसत नाही. तो खोटं बोलत नसतो. अशी गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवून यायची आणि सकाळी चालू करायच्या आधी तपासायला सांगायचं.

माझं उत्तर शेवटी मोबाईलनं दिलं. थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या डब्याला मागच्या बाजूला, केबिनच्या भिंतीकडे तोंड करून एक आखूड पाईप जातो. तिथं मान वळत नाही, हात जेमतेम पोचतो. मोबाईल उलटा धरून, फ्लॅश लावून आंधळा व्हिडिओ काढला. पडद्यावर गुलाबी पापुद्र्याची एक रेघ दिसली, क्लिपपासून निघून गिअरबॉक्सवर उतरलेली. थेंब रोज पडत होता, पण तप्त गिअरबॉक्सवर पडून तिथंच वाळत होता. फरशीपर्यंत पोचतच नव्हता.

एवढं करूनही सापडलं नाही तर दाबाची चाचणी. सायकलच्या पंपासारखा हातपंप आणि त्यावर दाबाचं घड्याळ, असं साधं उपकरण असतं. झाकणाच्या जागी ते बसवून झाकणावर छापलेल्या आकड्याएवढा दाब चढवायचा, जास्त नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं काटा पाहायचा. इंजिन बंद आणि गार, त्यामुळे निवांत शोधता येतं. काटा उतरतोय म्हणजे गळती आहे, आणि आता ती दाबाखाली डोळ्यांसमोर गळेल. याच उपकरणावर झाकणही तपासता येतं. ज्या गॅरेजमध्ये हे नाही आणि तरीही 'रेडिएटर बदला' असं सांगतात, तिथून मी गाडी परत आणतो. दुसरा मार्ग म्हणजे कूलंटमध्ये चमकणारा रंग टाकायचा, दोन-तीन दिवस गाडी वापरायची आणि अंधारात यूव्ही बॅटरी मारायची. गळतीची वाट पिवळ्या-हिरव्या रंगात लखलखते.

बाहेर न दिसणारी गळती

दोन जागा अशा की बाहेर टिपूसही दिसत नाही. एक म्हणजे हीटरची छोटी जाळी, डॅशबोर्डच्या आत. ती फुटली की पायाखालचं मॅट ओलं आणि चिकट होतं, केबिनमध्ये गोडसर वास येतो, आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. आपल्याकडे हीटर कुणी लावत नाही, म्हणून ती आठवतही नाही. पण बहुतेक गाड्यांत कूलंट तिच्यातून कायम फिरतच असतं.

दुसरी, सगळ्यांना जिची धास्ती असते ती हेड गॅस्केट. ते फुटलं की कूलंट सिलिंडरमध्ये जातं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून निघतं. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. उलट दिशेनं सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतो, त्यामुळे गार गाडी सुरू केल्यावर दोन मिनिटांतच वरचा पाईप टणक होतो आणि बाटलीत बुडबुडे येत राहतात. कूलंट ऑइलमध्ये मिसळलं तर डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल पाहायच्या पट्टीवर, दुधाळ चहासारखं मिश्रण दिसतं.

इथं घाबरायची घाई नको. पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या सकाळी सायलेन्सरमधून पाणी ठिबकणं, पांढरी वाफ येणं साहजिक आहे, पाच-दहा मिनिटांत ती थांबते. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली फिकट साय धरते, तीही नुसत्या बाष्पाची. खात्री हवी तर रसायनाची चाचणी करून घ्या. निळं द्रव असलेल्या नळीतून रेडिएटरच्या तोंडावरची हवा ओढतात. तिच्यात इंजिनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं पिवळं होतं. हेड उतरवायला सांगणाऱ्यानं आधी हे करून दाखवावं, कारण हेड उतरवायचं म्हणजे फेसिंग (हेड मशीनवर घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, नवे बोल्ट आणि मोठं बिल.

घाटात काटा चढला तर

मे महिन्यात खंबाटकी किंवा आंबोली चढताना कडेला बॉनेट उघडून उभ्या गाड्या दिसतात. त्यातल्या बऱ्याचशांची गळती आठवडे जुनी असणार. सपाट रस्त्यावर ती झाकून जाते, चढावर उघडी पडते.

काटा नेहमीपेक्षा वर सरकताना दिसला, अजून लाल झालेला नाही, तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगात. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. मे महिन्यात हे शिक्षेसारखं वाटेल, पण थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत त्यानं खरंच उतार पडतो. लाल झाला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, की 'पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ' म्हणायचं नाही. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. इंजिनांचं वाटोळं होतं ते त्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये.

हल्ली बऱ्याच लहान गाड्यांत काटाच नाही. गार असताना निळा दिवा आणि जास्त तापल्यावर लाल, मध्ये काही नाही. म्हणजे लाल दिवा लागला तेव्हा इशाऱ्याची वेळ आधीच टळलेली असते. काटा असला तरी एक खोच आहे: तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच नीट मोजतो. सगळं कूलंट वाहून गेलं तर तो नुसत्या हवेत लोंबतो आणि काटा खाली येऊ शकतो, इंजिन भट्टी झालेलं असताना. काटा एकदम उतरला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर तो दिलासा नाही.

थांबल्यावर तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. पंखा किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, बोटं लांब ठेवा. गार झाल्यावर पाणी भरा, एकदम न ओततां थोडं थोडं, आणि गळती मोठी असेल तर गाडी उचलून न्या.

हळद आणि इतर जुगाड

रेडिएटर गळतोय? हळद टाका, हा सल्ला ट्रकवाल्यांपासून काकांपर्यंत सगळे देतात. थट्टा करण्यासारखा तो नाही. हळदीचे बारीक कण पाण्याबरोबर फिरतात, गळतीच्या भोकात अडकतात, फुगतात आणि भोक तात्पुरतं बुजतं. बाजारात मिळणारं 'स्टॉप लीक' हे साधारण त्याच तत्त्वाचं सुधारलेलं रूप. अडचण अशी की कणांना भोक कुठलं आणि नळी कुठली, हे कळत नाही. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या रुंद नळ्यांत ते खपून जायचं. आताच्या ॲल्युमिनियमच्या अरुंद नळ्या आणि हीटरची जाळी त्यानं तुंबते. रात्री दोन वाजता आडरानात हळद टाकून घरी पोचलात तर उत्तमच, पण दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन काढा.

ते तांब्या-पितळेचे रेडिएटर डाग देऊन दुरुस्त व्हायचे. ॲम्बेसेडर-फियाटच्या काळात प्रत्येक तालुक्याच्या गावी एक रेडिएटरवाला असायचा, टाकीत बुडवून बुडबुडे बघायचा आणि झाळून द्यायचा. प्लॅस्टिकच्या टाकीला डाग देता येत नाही. त्यावर लावलेलं एम-सील दाब आणि उष्णतेपुढं फार दिवस टिकत नाही. रेडिएटर बदलणंच बरं.

'आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाका' हा तिसरा सल्ला मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण तो देणारे अनुभवी असतात. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नेहमी थंड चालतं. गाडीचा कॉम्प्युटर समजतो इंजिन अजून तापलेलं नाही, आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइल पुरेसं तापत नाही, झीज वाढते. आणि गळती असते तिथंच राहते.

नुसतं पाणी भरून गाडी चालवणं हाही जुगाडच. बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असं विचारतात. कूलंट गोठू नये म्हणून असतं, हे अर्धंच खरं. गंज रोखणं हे त्याचं इथलं मुख्य काम. आपल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार नळ्यांत थर धरतात आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला भोकं पाडतं. मिसळायचं तर बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. कॅनवर 'तयार मिश्रण' लिहिलंय की पाणी घालायचंय, हेही वाचा. घट्ट कूलंट तसंच ओतलं तर जास्त चांगलं, असं नाही. निव्वळ ग्लायकॉल पाण्याच्या सुमारे साठ टक्केच उष्णता वाहून नेतं.

पाईप बदलताना

पाईप आणि क्लिप हे काम हात चालणाऱ्या माणसाला घरी जमतं. पंप, थर्मोस्टॅटचा डबा, हीटरची जाळी गॅरेजवर सोडावी. पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्यावर) चालणारा असेल तर दोन्ही एकदमच बदलून घ्यावेत, मजुरी एकदाच पडते.

गाडी पूर्ण गार हवी. खाली टब ठेवून पातळी पाईपच्या खाली येईल एवढं कूलंट काढायचं. जुना पाईप चिकटून बसलेला असतो. तो ओढायचा नाही, पिळायचा. प्लॅस्टिकच्या नळीवर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की नळीच मोडते आणि शंभर रुपयांचं काम हजारांवर जातं. पाईप उभा चिरून सोलून काढावा. खालच्या तोंडावरचा पापुद्रा बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं साफ केला नाही तर नवा पाईपही तिथूनच गळतो. क्लिप जुन्या खाचेत आणि तोंडाच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला बसली पाहिजे. स्प्रिंगची क्लिप असेल तर शक्यतो स्प्रिंगचीच लावा, ती पाईपबरोबर फुगते-आक्रसते. स्क्रूची क्लिप जीव खाऊन आवळली तर रबर कापतं.

भरताना हवा अडकते, आणि बहुतेकांचं काम इथं फसतं. हवेचा फुगा हेडमध्ये बसला की गळती नसतानाही इंजिन तापतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, सावकाश, बारीक धारेनं भरायचं. काही इंजिनांवर हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो, तिथून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवायचा. झाकण लावून इंजिन चालू करा आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा, काट्यावर नजर ठेवून. हीटरची हवा गरम येत असेल तर चक्र भरलं. मग पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा पातळी पाहा, थोडी उतरलेली असणारच. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी हेच.

माझा तो आखूड पाईप आणि दोन क्लिपा, मी तीन महिन्यांत ओतलेल्या कूलंटपेक्षा स्वस्त पडल्या. बाटलीवरची चिकटपट्टी अजून तशीच आहे, पेनाची रेघ उन्हानं फिकी झाली आहे आणि पातळी तिच्यावरच आहे. गॅरेजवाल्याला व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, "तिथं कोण बघतं साहेब?" आणि मग स्वतःच्या मोबाईलवर तो मागून घेतला.